लॉट नंबर एकशे सतरा

माझ्याकडे येतात ते देव, नाहीतर मेलेले.
देवांना सोनेरी पट्टी, मेलेल्यांना काळी,
लग्नाच्या फोटोला जी स्वस्त पडेल ती.
मोचेमाडकर फ्रेम वर्क्स, वेंगुर्ला बाजार,
मासळीच्या वासापासून चौथं दुकान.

त्या मे महिन्यात रुजाय फर्नांडिसनं
पोत्यात गुंडाळून आणलं ते.
बंदरावरच्या साहेबाच्या बंगल्याचं भंगार,
दोन पंखे, एक कमोड, आणि हे,
सगळं वजनावर घेतलेलं.
"काच तेवडी काढून दी," म्हणाला,
"चित्र तुकाच रवांदे."

काच सुटताना चरचरली.
उजवा कोपरा वाळवीनं चाखून सोडलेला.
बाकीच्यावर लाळेत भिजवलेला कापूस फिरवत गेलो
(अजून लाळेइतकं चांगलं औषध निघालेलं नाही)
आणि तपकिरी धुक्यातून
एकेक माणूस वर यायला लागलं,
करंगळीच्या नखाएवढं.

अळंबीखाली पंगत.
माशीचे पंख लावलेल्या गोऱ्या बायका,
गोगलगाईला लगाम, काजव्याचा कंदील,
मधोमध एक मेलेली चिमणी,
पिसं इतकी खरी
की मी फुंकर मारून पाहिली.
झाडं कुठल्या तरी थंड मुलखातली,
पण एक परी रातांबा फोडून बसलेली,
कोपरापर्यंत लाल.
त्या बाईनं तेवढं इथंच पाहिलं असणार,
ह्याच उकाड्यात, दुपारी, दार लावून.

मागे शिसपेन्सिलीनं दोन अक्षरं आणि साल.
अठराशे एकाहत्तर.

मी मोजल्या. तेवीस.
आणि एक पंख नसलेली :
काळी, कासोटा घातलेली, डोक्यावर घागर,
घागरीत तीन पऱ्या आंघोळ करतायत.
पोटऱ्यांखाली नुसता कोरा पुठ्ठा.

लिलाव कंपनीच्या तनाझ मॅडम आल्या,
डोळ्याला भिंग, हातात टॉर्च.
ह्या पऱ्यांना मधली कित्येक वर्षं
कुणी माळ्यावरून खाली उतरवत नव्हतं, म्हणाल्या,
आता मागणी आहे.
मोठं नाव असतं तर गोष्ट वेगळी.
अनोळखी बाई, साधारण आठ हजार पौंड धरू.
आणि ही घागरवाली?
"हिच्यामुळे वाढेल किंवा पडेल."
मग कागदावर लिहिलं :
एका दुय्यम आकृतीचे पाय नाहीत.

रात्री हिशेब केला.
परीमागे सदतीस हजार रुपये,
चिमणी फुकट.
घागरवालीचा भागाकार जमेना.

आमच्या आरवलीच्या वेतोबाला पंख नाहीत.
तो रात्री गावभर चालतो.
चपला झिजतात, लोक नव्या आणून ठेवतात,
होडीएवढ्या, सोबत केळ्यांचा घड.
अंदाजित किंमत विचारायची तर कुणाला?
चांभार फार तर चामड्याचा भाव सांगेल.

लिलाव आम्ही दुकानातच पाहिला,
रुजायच्या भाच्याच्या मोबाईलवर.
रेंज जात होती.
हातोडा दिसला, आवाज मागाहून आला.
अकरा हजार.
"घेतल्यान कोणी?" रुजायनं विचारलं.
फोनवरच्यानं.
आमच्या तेवीस जणी कुठल्या गावच्या भिंतीवर गेल्या
ते कंपनी सांगत नाही.

कमिशन, टॅक्स, विमा, खोका
वजा जाता उरलं त्याचे दोन भाग केले.
रुजायचा द्यायला त्याच्या घरी गेलो.
काच त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीला बसवलेली,
थोडी आखूड, कडेला पुट्टी.
पलीकडे माड, पलीकडे पाणी.
आणि खालच्या बाजूला, तिळाएवढे,
दोन काळे ठिपके, एक जरा पुढे टाकलेला.

"माशीन घाण केल्यान," त्याची बायको म्हणाली,
"दर शनवारी पुसतंय, डाग काय जाणा नाय."

मी चहा प्यालो.
पैसे मोजून दिले.
म्हटलं, राहू दे, उन्हानं जाईल.